पायानं घातलेला बांध

आमच्या घरी पाहुणे जमले, जेवणं आटोपली, सुपारी फिरली, की कोणीतरी म्हणतंच, भाऊजी, ती मामीजींची गोष्ट सांगा ना. मी थोडे आढेवेढे घेतो. हे आढेवेढे बायकोला पाठ आहेत, तेवढ्या वेळात ती ताटं उचलून घेते. मग मी सांगतो. गुलाब बुडाले इथपर्यंत आलो की लोक पोट धरून हसतात आणि मी थांबतो. गोष्ट तिथं संपत नाही. पण पुढचं सांगितलं तर पाहुण्यांची झोप उडेल आणि बायको उठून आत जाईल. म्हणून पुढचं आज लिहून काढतोय. लिहिताना समोर कोणी नसतं, हा एक फायदा.

मामीजी नात्यानं माझ्या कोणी नव्हत्या. कामठा हे त्यांचं सासर आणि माझ्या बायकोचं माहेर. अख्खं गाव त्यांना मामीजी म्हणायचं. नवरा गेल्यावर मुलानं त्यांना गोंदियात आमच्या लेआऊटमधल्या आपल्या घरी आणलं, तेव्हा इथंही त्या मामीजीच झाल्या. मी त्यांच्या गावचा जावई, म्हणून मला ‘जवाईबापू’. या हाकेत मान किती होता ते सांगतो. ‘जवाईबापू, फावडा धरा.’ ‘जवाईबापू, तुमच्या पोटाची सावली पडून राहिली वाफ्यावर, सरका जरा.’

बांधा ठेंगणा, लुगडं पोटरीपर्यंत वर खोचलेलं. लग्नाला जाताना पैठणी नेसल्या तरी तीही तशीच खोचलेली, जणू मांडवातून परस्पर धानाच्या बांधीत, भातखाचरात, उतरायचं आहे. बोलायच्या तीन भाषांत. झाडांना पोवारीत, माणसांना झाडीबोलीत आणि ज्यांच्यावर चिडल्या असतील त्यांना हिंदीत. आपल्याशी त्या हिंदीत बोलायला लागल्या की समजायचं, आज घरी लवकर गेलेलं बरं.

आणि पाणी. वाहतं पाणी दिसलं की या बाईंना राहवायचं नाही. आधी तोंड नाही चालायचं, पाय चालायचा. चप्पल काढायची, टाचेनं रस्त्याकडेची माती ओढायची, तळव्यानं दाबायची, अंगठ्यानं कड सारखी करायची. बघता बघता वीतभर बांध तयार. पाणी थांबून मागं फिरलं की मग म्हणायच्या, "पानी जाऊन राहिलं ना जी. तुमाले दिसत नाही का?"

शेजारच्या घरी रविवारी गाडी धुवायचे. मामीजींनी त्यांच्या फाटकाबाहेर बांध घातला आणि सगळं साबणाचं पाणी परत त्यांच्या पोर्चमध्ये, चपलांच्या स्टँडखाली. मुलानं जाऊन माफी मागितली. पुढच्या रविवारी पुन्हा बांध, पुन्हा माफी. सुनेची तक्रार वेगळीच. न्हाणीच्या मोरीला त्या कापडाचा बोळा लावून ठेवत. सून माझ्या बायकोला म्हणाली, आमच्या सासूबाई आंघोळ करत नाहीत, तळं करतात.

एका शिवरात्रीला आम्ही नागऱ्याच्या महादेवाला गेलो. अभिषेकाचं पाणी पन्हाळीतून बाहेर पडून उतारानं चाललं होतं. मी नारळ फोडायला वळलो तेवढ्यात मामीजींचा पाय चालला. मागची रांग घोट्याएवढ्या तीर्थात उभी. पुजारी खवळला. मामीजी शांतपणे म्हणाल्या, "महादेवाले पानी पाहिजेच ना, मंग बाहेर कायले सोडता?" पुजारी तांब्या उचलून आत गेला. मला उत्तर सुचलं होतं, पण मी जावई.

खरं तर त्या लेआऊटमध्ये पाण्याबद्दल वेगळं मत असलेला मी एकटाच होतो. मी वर्ध्याकडचा, कापसाच्या मुलखातला. आमच्याकडे शेतात पाणी साचलं की घरात सुतक असल्यासारखी माणसं गप्प होतात. इथली माणसं धानाची. तलावाचं पाणी या बांधीतून त्या बांधीत उतरतं, आणि ज्याचा बांध फुटला त्याचं वर्ष गेलं. मामीजींनी उभ्या आयुष्यात नवऱ्याच्या मागून धुऱ्या-धुऱ्यानं, म्हणजे बांधीच्या कडेकडेनं, चालत फुटलेला बांध पायानं बुजवला होता. सवय डोक्यात नव्हती, टाचेत होती. टाचेला कोण समजावणार?

आता मुलाबद्दल. मुलगा वाईट नव्हता, हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढं तो वाईट वाटेल. कामठ्याची शेती त्यानं ठेक्यानं दिली, कारण म्हाताऱ्या आईनं चिखलात पडू नये. घराच्या अंगणात टाइल्स बसवल्या, कारण आईच्या पायांना माती लागू नये. सगळं आईसाठी. अख्ख्या घरात माती म्हणून तुळशीची एक कुंडी उरली. मामीजींनी ती उचलून पाहिली आणि खाली ठेवली. म्हणाल्या, "एवढ्यात तर माझा एक हात नाही मावत."

म्हणून त्या मोकळ्या जागेत जाऊ लागल्या. लेआऊटच्या नकाशात मधोमध बगीच्याची जागा सोडलेली असते, तशी आमच्याकडेही होती. बगीचा तेवढा नव्हता. फुटक्या विटा, मांडवाचे मोडके बांबू आणि कोणाच्यातरी शेळ्या होत्या. मामीजी सकाळी जाऊन विटांचे तुकडे वेचायच्या. काही दिवसांनी गार्डसाहेब त्यांच्या मदतीला गेले. हे रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. गाडी गेली, शिटी राहिली. ती गळ्यात असायची आणि काम सुरू करायच्या आधी ते ती वाजवायचे. शिटी ऐकून अजून काही लोक आले. मला डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं आणि चालण्यासारखी सगळ्यात जवळची जागा तीच होती, म्हणून मीही गेलो. असं आमचं बगीचा मंडळ झालं. रविवारी सकाळी श्रमदान आणि त्यानंतर पोहे. बायकोच्या मते माझं श्रमदान पोह्यांपासून सुरू व्हायचं.

पण त्या जागेवर सोसायटीचाही डोळा होता. तिथं सभागृह बांधायचं म्हणत होते. त्यांचंही काही चूक नव्हतं. सगळ्यांच्या घरी लग्नं, बारशी, तेरव्या असतात, आणि हॉल गावाच्या दुसऱ्या टोकाला. सोसायटीचे अध्यक्ष फार सभ्य गृहस्थ. ते म्हणाले, वर्षभर वाट बघू. दसऱ्यानंतरच्या सभेपर्यंत तिथं बगीचा दिसला तर जागा बगीच्याची. नाही दिसला तर सभागृह.

सभेवरून परतताना मामीजी माझ्याशेजारून चालत होत्या. मधेच थांबल्या.

"जवाईबापू, हे जागा गेली तर मी हात कुठं घालू?"

मी आपला स्वभावानुसार विनोद केला. म्हटलं, सुनेच्या कणकेत घाला.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कनिक उगवत नाही जी."

मग गुलाब आले. गार्डसाहेब स्वतः नागपूरला जाऊन कलमं घेऊन आले. दोरी लावून, डबे जोडल्यासारखी सरळ रांगेत लावली. शिटी वाजवून त्यांनी सूचना दिली, "गुलाब को पानी कम. मिट्टी सूखे, तब देना. समझे सब?" सगळे समजले. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही म्हटलं, पाणी निघून जायला वाट ठेवा. मामीजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू म्हटलंय, रात्री घराचं दार उघडं ठेवा.

त्यानंतर काय झालं ते आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. मंडळाचा प्रत्येक माणूस एकेकटा, दुसऱ्याच्या नकळत, त्या गुलाबांना पाणी घालत होता. सकाळी दूध आणायला जाताना एक, शाळेची बस सोडून येताना दुसरी, मंदिरातून येताना तिसरी. धानाच्या माणसाला रोपाखाली कोरडी माती बघवत नाही. त्याला वाटतं, आपल्या डोळ्यांसमोर लेकरू उपाशी बसलंय. माझी बायको भाज्या धुतलेलं पाणी बादलीनं नेऊन ओतायची आणि मला सांगायची नाही. मामीजींनी तर प्रत्येक झाडाभोवती पायानं बांध घातला होता, आणि त्या सगळ्या बांधांबाहेर जागेला चारी बाजूंनी एक मोठा बांध. पानं पिवळी पडायला लागली, तेव्हा मंडळाची बैठक झाली आणि एकमतानं ठरलं की पाणी कमी पडतंय.

पावसाळा लागल्यावर राहिलेलं काम आभाळानं केलं. गुलाबांच्या रांगेत बेडूक बसले. गार्डसाहेबांनी एक कलम उपटलं. मुळं काळी, वास सुटलेला. त्यांनी शिटी तोंडापर्यंत नेली आणि न वाजवताच सोडून दिली. म्हणाले, "डूब के मर गया. सब के सब डूब गए."

माझे पाहुणे इथं हसतात. हसण्यासारखं आहेच.

आम्ही पोहे न खाताच घरी गेलो. दसरा अजून लांब होता, पण पुन्हा कलमं आणायची कोणात उमेद नव्हती. मामीजी त्या पाण्याकाठी नुसत्या बसून असायच्या. मुलगा न्यायला यायचा, त्या उठायच्या नाहीत. मग एका सकाळी एक ऑटो आला. आत मामीजी, आणि त्यांच्या मांडीवर, पायाशी, छतावर, हिरव्या पऱ्ह्यांच्या जुड्या. कामठ्याला जाऊन, जी शेती आता आपण करत नाही त्याच शेतातून, धानाची रोपं मागून आणली होती. ऑटोतून उतरल्या, लुगडं खोचलं आणि सरळ पाण्यात उतरल्या.

कोणी कोणाला बोलावलं नाही. शिटीही वाजली नाही. पण लेआऊटमधल्या बायका एकेक करून बाहेर आल्या, साड्या वर घेतल्या आणि रांगेत वाकल्या. माझी बायको, जिला गुडघ्यांमुळे वरच्या फळीवरचा डबा निघत नाही, ती मागे सरकत सरकत अशी रोपं रोवत होती की मी चुकून दुसऱ्याच्या बायकोकडे पाहतोय असं मला वाटलं. मी काठावर जुड्या फेकायला उभा. एक जुडी मामीजींच्या पाठीवर पडली. त्या मान वर न करता म्हणाल्या, "जवाईबापू, बांधीत फेका, बुढीवर नोको." आणि बायका अशा हसल्या की गॅलरीतले लोक खाली बघू लागले. त्या दिवशी मामीजींचे दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात होते. मी त्यांना तसं हसताना आधी पाहिलं नव्हतं. नंतर पाहण्याचा प्रश्न आला नाही.

धान असं माजलं की काय सांगू. गुलाबांनी जे जे सोसलं नाही ते सगळं त्याला मानवलं. लोक फिरायला येऊन काठावर थांबायचे, मोबाइलमध्ये फोटो काढायचे. आमच्या लेआऊटमध्ये पहिल्यांदाच काहीतरी हिरवं उभं होतं. मामीजी रोज धुऱ्यावरून एक चक्कर मारायच्या आणि मला सांगायच्या, "आता कोन म्हनते बगीचा नाही?"

दसऱ्यानंतरची सभा त्या जागेच्या शेजारीच, खुर्च्या टाकून झाली. अध्यक्षांनी मामीजींच्या मेहनतीचं कौतुक केलं, टाळ्याही वाजल्या. मग ते म्हणाले, "पण मामीजी, हे धान आहे. बगीच्यात माणसं बसतात, पोरं खेळतात. यात बसायचं कुठं?"

"धुऱ्यावर," मामीजी म्हणाल्या.

लोक हसले. मामीजींनी सगळ्यांकडे वळून पाहिलं. विनोद कुठं झाला ते त्यांना कळलं नव्हतं. "आमी जिनगीभर धुऱ्यावरच बसलो ना जी."

हात वर करून मतं घेतली. सभागृहासाठी इतके हात वर गेले की मोजायची गरज पडली नाही. त्यात रोवणीला वाकलेले हातही होते. गार्डसाहेबांचा हात अर्धाच वर होता, कोपरात वाकलेला, नजर जमिनीवर. त्यांच्या नातीचं लग्न ठरलं होतं. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, बारात कहाँ उतारूँ मैं, बताओ." आमच्या बाजूनं मामीजी, मी आणि बायको. बायको एरवी माझ्या मताला कधी मत देत नाही. त्या दिवशी दिलं, तर आम्ही हरलो.

मामीजी भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की लोंब्या भरून राहिल्या आहेत, धान पिकू द्या, दिवाळीनंतर या. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर हो म्हटलं. मनापासून म्हटलं असणार. पण ठेकेदाराचं मशीन बाजूच्या रस्त्याच्या कामाला आलं होतं, ते परत गेलं तर पुन्हा कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. मग एका दुपारी, दिवाळी यायच्या आधीच, ते आमच्या जागेशी येऊन उभं राहिलं. मुलगाच पुढं होता. ड्रायव्हरला सांगत होता, "आई सोई है, अभी निपटा लो." तिला बघावं लागू नये म्हणून. सगळं आईसाठी, म्हटलं ना मघाशी.

मशीनच्या आवाजात कोणती म्हातारी झोपते? मामीजी अनवाणी आल्या, हातात विळा. मुलगा आडवा आला, तर त्या त्याच्या बाजूनं निघून गेल्या, दारातल्या खुर्चीला वळसा घालावा तशा. पाण्यात उतरल्या. एक लोंबी हातात घेतली, एक दाणा दोन नखांमध्ये दाबला. पांढरं दूध बाहेर आलं.

"दुधात आहे," त्या म्हणाल्या. कोणाला उद्देशून नाही.

ड्रायव्हर बोदलकशाकडचा, पिकल्या केसांचा माणूस होता. त्यानं मशीन बंद केलं. तो खाली उतरून उभा राहिला आणि म्हणाला, "माय, काही नाही निंघत याच्यातून. पोचट होईल सारं." त्यांना ते त्याच्याहून जास्त ठाऊक होतं. तरी त्यांनी कापायला सुरुवात केली. मूठ धरायची, विळा लावायचा, मागं ठेवायचं. माझी बायको विळा आणायला घरी पळाली. आमच्या घरात विळा नव्हता. ती भाजीची सुरी घेऊन आली आणि ती हातात तशीच धरून काठावर उभी राहिली.

एक कोपरा कापून झाला आणि मामीजी थांबल्या. दम लागला होता. कापलेल्याची पेंढी बांधली, धुऱ्यावर ठेवली, विळा कमरेला खोचला. मग ड्रायव्हरला म्हणाल्या, "चालव बापू. तुझा कायले खोळंबा?"

मशीननं पहिला घाव बांधावरच घातला. सगळं साचलेलं पाणी रस्त्यावर आलं आणि मामीजींच्या दोन्ही पायांमधून वाहत गेलं. मी त्यांच्या पायांकडे बघत होतो. पायाखाली हवी तेवढी माती होती. पाय हलला नाही.

त्यानंतर मामीजी कोणाला त्रास देईनाशा झाल्या. ती पेंढी त्यांनी गच्चीत टांगली होती, चिमण्यांसाठी. चिमण्या आल्या आणि गेल्या, दाण्यात काही नव्हतं. शेजारच्यांची गाडी रविवारी धुतली जायची, पाणी फाटकातून रस्त्यावर, रस्त्यावरून नालीत, आणि मामीजी समोरच्या खुर्चीत बसलेल्या. एकदा सून आमच्याकडे आली. म्हणाली, मोरीचा बोळा निघाला. हसतच सांगितलं तिनं, आणि सांगता सांगता तिचा चेहरा बदलला. माझी बायको म्हणाली, तूच लावून बघ ना एखाद वेळेस. सुनेनं लावून पाहिला. मामीजींनी तो पायानं बाजूला केला, आंघोळ केली आणि बाहेर आल्या. मी भेटायला जायचो. मला कोणीही काहीही काम सांगायचं नाही. मी माझ्या पोटावरून दोन-तीन विनोद केले, त्यांनी ऐकून घेतले. निघताना म्हणायच्या, "या जवाईबापू." नुसतं तेवढंच. दुसऱ्या पावसाळ्यात, रोवणीच्या दिवसांत, त्या गेल्या. आजार असा काही सापडला नाही.

सभागृह तोवर झालं होतं. चांगलं झालं आहे, पंखे, खुर्च्या, मागं स्वयंपाकाची जागा, सगळीकडे गुळगुळीत फरशी. गार्डसाहेबांच्या नातीची वरात तिथंच उतरली. मामीजींची तेरवीही तिथंच ठेवली. मुलानं कशात कमी केलं नाही. दोनच घरं पलीकडे हॉल, केवढी सोय झाली, असं बरेच जण म्हणाले. त्याला वाईट वाटू नये म्हणून मीही म्हणालो.

जेवणाला वेळ होता. मागच्या बाजूला आचारी मोठ्या गंजात तांदूळ धूत होता. त्यानं गंज कलता केला आणि तांदळाचं पांढरं पाणी फरशीवर आलं. ते दरवाज्याच्या दिशेनं निघालं, कोणाच्या अडवणीशिवाय, सरळ. जिथून चाललं होतं तो साधारण तोच कोपरा, जिथं मामीजींनी विळा लावला होता.

मी कापसाच्या मुलखातला माणूस. माझा पाय चपलेतून निघाला कधी ते मला कळलं नाही. टाच पुढं गेली आणि फरशीवर घासली. पुन्हा घासली. ओढायला काही नव्हतं. वर पाहिलं तर पाण्याच्या पलीकडे बायको उभी होती, हातात पत्रावळींचा गठ्ठा, आणि तिचाही एक पाय अनवाणी पुढं आलेला.

आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. पाणी आमच्या मधून गेलं, पायऱ्या उतरलं आणि नालीला लागलं.